एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली म्हणजे कंबर त्यानेच दुखते का?

नंदनवन_ताई

नमस्कार, थोडं लांब लिहून राहिली आहे, सांभाळून घ्या. आमचे हे नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉपला आहेत, वय ४१. मार्चमध्ये माळ्यावरून कूलर उतरवताना कंबरेत चमक भरली, तेव्हा तर जागचं हलता येत नव्हतं, मग गोळ्यांनी कमी झालं पण पूर्ण काही गेलं नाही, सकाळी उठलं की कंबर धरलेली असते अन् दुपारनंतर ड्युटीवर उभं राहून राहून दुखायला लागते. शेवटी एमआरआय केला. त्यात लिहिलंय एल४-एल५ ला (कंबरेच्या खालच्या मणक्यांमध्ये) डिफ्यूज डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली, त्याखाली एल५-एस१ ला प्रोट्रुजन, म्हणजे एका जागी बाहेर आलेली, दोन्ही डिस्क डेसिकेटेड. डॉक्टरांनी फिल्म लाइटवर लावून दाखवली, म्हणाले गादी सरकली आहे, तिच्यातलं पाणी आटलंय, आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पट्टा लावा, अन् नाहीच थांबलं तर ऑपरेशनचं बघू.

तेव्हापासून घरात सगळं त्या फिल्मभोवतीच फिरून राहिलंय. जेवायला खाली बसत नाहीत, मोजेसुद्धा मी घालून देते, मुलगी लहान आहे तिला समजत नाही बाबा आता उचलून काहून घेत नाही. रात्री कूस बदलायलाही घाबरतात.

आता प्रश्न. ह्यांचे मोठे भाऊ गेल्या वर्षी गाडीवरून पडले होते तेव्हा त्यांचाही कंबरेचा एमआरआय झाला होता. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचले. भाऊजींच्या रिपोर्टमध्ये तर ह्यांच्यापेक्षा जास्त लिहिलंय, तीन ठिकाणी बल्ज, अन् पडल्याचा मार बरा झाल्यापासून त्यांची कंबर एकदाही दुखली नाही, दुकानात गव्हाचे कट्टे स्वतः उचलतात. मग ह्यांची कंबर खरंच त्या गादीमुळेच दुखते का? आणि गादीमुळे नसेल तर कशानं? ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सांगा, ऑपरेशनच्या नावानं घरात कोणाला झोप नाही.

खामला_निवृत्त

ताई, मला फार वर्षांपासून मणक्यात गॅप आहे, बँकेत खुर्चीवर बसून बसून झाली असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पट्टा कायम लावतो, झोपायची गादी काढून टाकली, लाकडी फळीवर सतरंजी टाकून झोपतो, खाली वाकत नाही. गॅप एकदा आली की जात नाही, सांभाळूनच राहावं लागतं. मिस्टरांना एमआयडीसीतलं उचलण्याचं काम सोडायला सांगा, ऑफिसमधलं मिळतं का बघा. काळजी वाटते म्हणून लिहिलं.

फिजिओ_धंतोली

ताई, तुम्ही दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले ना, अगदी हेच संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे अन् त्यांना तुमच्यासारखंच दिसलं. १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला, ज्यांची कंबर दुखत नाही अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले, त्यातल्या ५२ टक्के लोकांना कुठे ना कुठे बल्ज होता अन् २७ टक्के लोकांना प्रोट्रुजन. म्हणजे काहीही त्रास नसलेल्या अर्ध्या लोकांच्या रिपोर्टमध्ये तुमच्या मिस्टरांसारखा बल्ज. नंतर २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र केले, त्रास नसलेले ३,११० लोक, आणि वयाप्रमाणे आकडे काढले. विशीतल्या लोकांमध्येच ३७ टक्क्यांच्या डिस्क झिजलेल्या दिसतात, चाळिशीत ६८ टक्के, ऐंशीला ९६. बल्ज चाळिशीत ५० टक्के. तुमचे मिस्टर ४१ चे आहेत, म्हणजे कूलर उतरवण्याच्या आदल्या दिवशी एमआरआय काढला असता तर तेव्हाही बहुतेक हेच दिसलं असतं. तो काढला नाही म्हणून आता जे दिसतंय ते सगळं त्या दिवशी झालं असं वाटून राहिलंय.

मी रोज पेशंट पाहते अन् मला खरंच वाईट वाटतं की माणूस रिपोर्ट वाचल्यावर जास्त आजारी होतो. आधी दुखत असूनही कामावर जात होता, रिपोर्टनंतर मोजे घालायला घाबरतो. कंबर ताठ ठेवून ठेवून आजूबाजूचे स्नायू सतत आवळलेले राहतात, हालचाल कमी, झोप कमी, काळजी जास्त, अन् ह्या प्रत्येक गोष्टीनं दुखणं वाढतं, हे काही मनाचे खेळ म्हणून सांगत नाही, दुखणं खरंच असतं.

पण मी इथे बसून तुमच्या मिस्टरांना डिस्कचा त्रास नाही असंही म्हणणार नाही. मला तीन गोष्टी सांगा. दुखणं कंबरेत जास्त आहे की पायात, आणि पायात असेल तर गुडघ्याच्या खाली जातं का. पायाला मुंग्या, बधिरपणा, पाऊल किंवा अंगठा वर उचलताना ताकद कमी असं काही आहे का. लघवी-संडासला काही फरक पडलाय का, बसायच्या जागी बधिर वाटतं का. ही शेवटची गोष्ट असेल तर इथे उत्तराची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, रात्र असली तरी.

काका, फळीवर झोपण्याबद्दल एक सांगते, राग मानू नका. स्पेनमध्ये ३१३ लोकांवर अभ्यास झाला होता, २००३ साली लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये आला, त्यात एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांची कंबर कमी दुखली. ताईंनी फळी आणायची गरज नाही.

कळमना_भाऊ

ताई मी जास्त शिकेल नाही पन मह्यावर जे बीतलं ते सांगतो. मले कंबर दुखनं वगैरे काही नव्हतं, डावा पाय दुखे, ढुंगनापासून तं पार पायाच्या अंगठ्यापर्यंत, जसा कोनी करंट लावला. खोकलो का झटका, शिंकलो का झटका. मंग हळूहळू चप्पल पायातून निसटाले लागली, मार्केटमधी चालता चालता मांगं राहून जाये अन् मले समजतही नव्हतं. डॉक्टरनं पाऊल वर कर म्हनलं तं होतच नव्हतं. एमआरआयमधी एल४-एल५ ची गादी फुटून नसेवर बसली होती, फोटोत साफ दिसे. ऑपरेशन केलं अन् पायाचं दुखनं त्याच रात्री गेलं, ताकद याले मात्र लय वेळ लागला. म्हनून मी म्हनतो, आजकाल जो तो म्हनते गादीचं काही नसते, सबन टेन्शनचं असते, तसं सांगून कोनाले थांबवू नका. मी थांबलो असतो तं पाय गेला असता.

फिजिओ_धंतोली

भाऊ, तुम्ही लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. तुमच्या पायातलं दुखणं ज्या पट्ट्यात होतं, जी ताकद गेली होती आणि फोटोत जी नस दबलेली होती, ते तिन्ही एकमेकांशी जुळत होतं. तिथे डिस्कच कारण, शंकाच नाही. हे वैद्यकशास्त्राला कळलं तेच मुळात पायाच्या दुखण्यावरून. १९३४ साली बॉस्टनचे मिक्सटर आणि बार यांनी दाखवून दिलं की सायटिकाच्या (नस दबून पायात जाणाऱ्या दुखण्याच्या) अनेक पेशंटमध्ये जी गाठ ट्यूमर समजून काढली जात होती ती प्रत्यक्षात फुटलेली डिस्क असते. शोध लागला सायटिकाचा, पण त्यानंतर नुसती कंबर दुखली तरी लोक डिस्ककडेच बोट दाखवायला लागले, गोंधळ तिथून सुरू झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सायटिकातसुद्धा पायाची ताकद कमी होत नसेल तर घाई करायची गरज नसते. नेदरलँडमध्ये २८३ पेशंटवर अभ्यास झाला, अर्ध्यांना लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी थांबून उपचार. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला हे खरं, पण वर्षानंतर दोन्हीकडचे जवळपास ९५ टक्के बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, बाकीच्यांना लागलंच नाही. ह्याच पेशंटचा वर्षानंतर पुन्हा एमआरआय काढला तेव्हा जे बरे झाले त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांना फोटोत हर्निएशन (बाहेर आलेली गादी) दिसत होतं अन् जे बरे झाले नाहीत त्यांच्यातल्या ३३ टक्क्यांना. म्हणजे नुसता फोटो पाहून कोण बरा झाला ते ओळखता येत नाही. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, अन् जितका मोठा तुकडा तुटून बाहेर पडलेला असतो तितकी तो विरघळून जायची शक्यता जास्त, पेशंटला हे सांगितलं की विश्वासच बसत नाही.

फिल्म_आणि_रिपोर्ट

मी एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे, रामदासपेठेत, सेंटरचं नाव सांगत नाही. ताई, रिपोर्टच्या अगदी शेवटी एक ओळ असते, क्लिनिकल कोरिलेशन करा, म्हणजे पेशंटला तपासून त्याच्याशी हे जुळवून पाहा, अशा अर्थाची, ती कोणी वाचतच नाही, पेशंट वरच्या चार ओळी वाचून गूगल करतो अन् रडत परत येतो. रेडिऑलॉजिस्टचं काम जे दिसेल ते लिहिणं, त्यांनी पेशंटला तपासलेलं नसतं, बहुतेक वेळा चिठ्ठीवर नुसतं एलबीए लिहिलेलं असतं म्हणजे कंबरदुखी, कुठला पाय, किती दिवस, काहीच नाही.

अजून एक. अमेरिकेत एका ६३ वर्षांच्या बाईंना तीन आठवड्यांत १० वेगवेगळ्या सेंटरवर पाठवून कंबरेचे एमआरआय काढले होते, २०१७ मध्ये ते छापून आलं. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या होत्या अन् त्यातली एकही गोष्ट दहाच्या दहा रिपोर्टमध्ये नव्हती. मशीन वाईट म्हणून नाही, बल्ज कुठे संपतो अन् प्रोट्रुजन कुठे सुरू होतं हे शेवटी डोळ्यानं ठरवायचं असतं. घर जुनं झालं की प्लास्टरला तडे जातातच, पण छत त्याच तड्यातून गळतं का हे वर पाणी टाकूनच पाहावं लागतं. एमआरआय तडे दाखवतो, पाणी टाकून पाहणं म्हणजे डॉक्टरांनी पेशंटला झोपवून, पाय उचलून, सुईनं टोचून, हातोडी मारून तपासणं. मिस्टरांचं तसं तपासलं होतं का?

नंदनवन_ताई

सगळ्यांचे खूप आभार, मी ह्यांना शेजारी बसवून वाचून दाखवलं. उत्तरं लिहिते. दुखणं कंबरेतच आहे, मधोमध अन् थोडं उजवीकडे, कधी कुल्ह्यापर्यंत येतं पण मांडीच्या खाली कधीच नाही. मुंग्या नाहीत, चप्पल निसटत नाही, टाचांवर अन् चवड्यांवर चालून दाखवलं, दोन्ही जमलं. लघवी-संडास नॉर्मल. आणि तपासणीचं विचाराल तर टेबलावर झोपवलंच नव्हतं, आम्ही आत गेलो, फिल्म पाहिली, पट्टा अन् गोळ्या लिहून दिल्या, बाहेर. गर्दी खूप होती, आमच्यामागे पूर्ण कॉरिडॉर भरलेला होता.

एक विचारायचं राहिलं, ह्यांना सारखं वाटतं की इतकी वर्षं उचलाउचली केली म्हणून गादी झिजली, माझीच चूक असं म्हणत राहतात. तसं असतं का?

ऑर्थो_रेसिडेंट_एनजीपी

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर अभ्यास झालेत, एक भाऊ आयुष्यभर जड काम करणारा, दुसरा बैठं काम करणारा, अन् दोघांच्या डिस्कची झीज बरीचशी सारखीच निघाली. कामाचा परिणाम होता पण थोडा, जास्त वाटा अनुवंशिकतेचा. मिस्टरांना सांगा, त्यांच्या हातून काही चुकलेलं नाही. भाऊजींच्या अन् त्यांच्या रिपोर्टमध्ये इतकं साम्य का, ह्याचंही उत्तर कदाचित इथेच आहे.

आता फिजिओ मॅडमच्या बोलण्यात मला थोडी भर घालायची आहे, कारण डिस्क एकदम निर्दोष आहे असं लोकांनी समजू नये. ज्या गटानं २०१५ चे ते आकडे काढले, त्यांनीच त्याच वर्षी दुसरा पेपर लिहिला, त्यात ५० वर्षांच्या आतले दुखणारे आणि न दुखणारे यांची तुलना केली, तर बल्ज, एक्स्ट्रुजन (गादी आणखी जास्त बाहेर येणं), झीज हे सगळं दुखणाऱ्यांमध्ये स्पष्टपणे जास्त सापडलं. म्हणजे संबंध आहे. डिस्कच्या बाहेरच्या कड्याला नसा असतात, त्या दुखू शकतात, भूल फक्त त्या जागेपुरती देऊन ऑपरेशन करताना सर्जननी एकेक भाग दाबून पाहिलाय, डिस्कचा बाहेरचा थर दाबला की बऱ्याच पेशंटना नेहमीचंच कंबरेचं दुखणं व्हायचं, सुजलेली नस ओढली की पायातलं. माझं म्हणणं इतकंच की शंभर कंबरदुखीच्या पेशंटमध्ये काहींचं दुखणं डिस्कमधूनच येत असणार, पण समोर बसलेला एक पेशंट त्यातला आहे की नाही हे फिल्मवरून सांगता येत नाही. मणक्याचे छोटे सांधे, माकडहाडाजवळचा सांधा, स्नायू, लिगामेंट हे सगळे साधारण त्याच जागी दुखतात. आणि बहुतेकांच्या बाबतीत अमुकच रचना दुखते असं बोट ठेवून सांगताच येत नाही, तरीही पेशंट बरा होतो, कारण उपचार जवळपास तेच असतात.

ताईंनी जे वर्णन केलंय, पायात दुखणं नाही, ताकद शाबूत, अशा पेशंटमध्ये बल्ज काढायला ऑपरेशन करण्यात मला अर्थ दिसत नाही. डिस्क काढायचं ऑपरेशन पायाच्या दुखण्यावर चांगलं काम करतं, नुसत्या कंबरदुखीवर नाही. तरी नेटवरच्या माझ्या बोलण्यावर निर्णय घेऊ नका, दुसरं मत घ्या, एम्स मिहानला आहे, मेडिकल अन् मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, ओपीडीत रांग लागते पण जा, अन् आत गेल्यावर फाइल पुढे करायच्या आधी म्हणा, डॉक्टर आधी तपासून घ्या.

उमरेड_मावशी

मी मधेच लिहिते कारण राहवत नाही. आमच्या बहिणीची कंबर दुखायची, सगळे म्हणाले वयामुळे, गॅप आहे, मालिश करा. तिला संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरत चाललं होतं, रात्री झोपल्यावर जास्त दुखायचं, कोणी ताप अन् कंबर एकत्र जोडलंच नाही. शेवटी मणक्याचा टीबी निघाला. औषधानं बरी झाली, पण तोपर्यंत मणका खचला होता, आता पाठीला बाक आहे. एमआरआय वाईट आहे असं कोणी वाचून समजू नका, तिच्या वेळी एमआरआयनंच जीव वाचला.

ऑर्थो_रेसिडेंट_एनजीपी

मावशी, अगदी बरोबर, हे लिहिलं ते फार बरं केलं. ताप, वजन घटणं, झोपेतही न थांबणारं दुखणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, मोठा मार, बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेलं असणं, ह्यातलं काही असेल तर एमआरआय लवकरच काढायचा. आपल्याकडे टीबी इतका आहे की मी प्रत्येक कंबरदुखीच्या पेशंटला तापाचं विचारतोच.

नंदनवन_ताई

ताप वगैरे काही नाही, वजन उलट वाढलंय घरी बसून. पुढच्या आठवड्यात एम्सला जाऊन येतो. तोपर्यंत काय करू द्यायचं ते सांगा ना, हे म्हणतात खाली बसू का नको, गाडी चालवू का नको, मुलीला घेऊ का नको.

फिजिओ_धंतोली

चालायला लावा, सकाळी उन्हाच्या आधी, पट्टा न लावता, दुखलं तरी हलकं दुखणं चालतं, ते इजा होत असल्याचं लक्षण नाही. हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर १९९५ मध्ये अभ्यास झाला होता, कंबर धरलेल्यांपैकी काहींना पलंगावर आराम दिला, काहींना व्यायाम, काहींना सांगितलं जमेल तसं रोजचं काम करत राहा, सगळ्यात लवकर बरे झाले ते हे शेवटचे. खाली बसणं आधी पाटावर किंवा छोट्या स्टुलावर, मग हळूहळू जमिनीवर. मोजे स्वतःच घालू द्या, कितीही वेळ लागू द्या, वाकणं हाच व्यायाम समजा. मुलीला आधी सोफ्यावर बसून मांडीवर घ्यायचं, मग सोफ्यावर उभी करून उचलायचं, तिथून जमलं की जमिनीवरून. गाडीचं म्हणाल तर हिंगणा रोडला एका दमात न जाता मधे उतरून चार पावलं चालायचं. पट्टा एकदम फेकून द्यायची भीती वाटत असेल तर ड्युटीवर काही दिवस लावा अन् घरी काढा. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे अन् ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) सरसकट वापरू नका असंच सांगितलंय, व्यायाम अन् नीट समजावून सांगणं ह्यावर भर आहे.

खामला_निवृत्त

सगळं वाचलं. म्हणजे मीही पट्टा काढू शकतो का? माझं आता कंबरेचं तितकं नाही, अंबाझरीला फिरायला जातो तर थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, जड होतात, मग बाकावर बसतो, बसलं की जातं, पुन्हा चालतो. मी समजत होतो हे गॅपचंच आहे.

फिजिओ_धंतोली

काका, नुसतं उभं राहिलं तरी थांबतं का, की बसावंच लागतं? आणि भाजीची ढकलगाडी किंवा मॉलमधली ट्रॉली धरून पुढे वाकून चाललं तर जास्त चालता येतं का? शुगर आहे का, सिगारेट-तंबाखू?

खामला_निवृत्त

उभं राहून थांबत नाही, बसावंच लागतं. ट्रॉली धरून मात्र पूर्ण मॉल फिरतो, हे तुम्ही विचारल्यावर आत्ता लक्षात आलं. शुगर आहे, गोळी चालू आहे. तंबाखू सोडली.

फिजिओ_धंतोली

मग हे दाखवाच काका, ह्याच महिन्यात. मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली की असं होतं, पण शुगर आहे अन् आधी तंबाखू होती म्हणून पायाच्या रक्तवाहिन्याही तपासून घ्यायला सांगा, पावलावरची नाडी डॉक्टरांनी हातानं बघायला हवी. घरून निघताना पट्टा काढून ठेवा, नाहीतर तपासताना अर्धा वेळ तो सोडण्यातच जाईल.